हान्स पीटर लून

हान्स पीटर लून (१ जुलै, १८९६:बार्मेन, जर्मनी - १९ ऑगस्ट, १९६४:आर्मोंक, न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मन-अमेरिकन अभियंते, शोधक आणि माहितीशास्त्राच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक होते. त्यांच्या नावावर ८०हून अधिक पेटंटे आहेत. क्रेडिट कार्डांच्या क्रमांकांची शुद्धता तपासणारी लून पद्धत, संगणकाने तयार केलेली संदर्भासहित शब्दसूची आणि लेखांचा स्वयंचलित सारांश ही त्यांची कामे विशेष प्रसिद्ध आहेत. संगणकशास्त्रात हॅश टेबल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विदा संरचनेची मूळ कल्पना त्यांनी जानेवारी १९५३मध्ये आयबीएम या कंपनीच्या एका अंतर्गत टिपणात मांडली. आज वापरात असलेल्या बहुतेक सर्व प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये हॅश टेबल आणि त्यासाठी लागणारी पूर्वनिर्धारित हॅश व समानता फंक्शने उपलब्ध असतात. त्यांचा उगम या टिपणापर्यंत मागे नेता येतो.

पूर्वायुष्य

लून यांचा जन्म जर्मनीतील बार्मेन या गावी झाला. हे गाव आता वुपर्टाल शहराचा भाग आहे. त्यांचे वडील मुद्रण व्यवसायात होते. शालेय शिक्षणानंतर घरचा व्यवसाय पुढे चालवता यावा म्हणून लून मुद्रणकला शिकण्यासाठी स्वित्झर्लंडला गेले. पहिल्या महायुद्धामुळे हे शिक्षण खंडित झाले. युद्धकाळात त्यांनी जर्मन सैन्यात संदेशवहन अधिकारी म्हणून काम केले.

युद्धानंतर लून यांनी मुद्रणाऐवजी वस्त्रोद्योगाची वाट धरली आणि या व्यवसायानेच त्यांना अमेरिकेत नेले. तेथे त्यांनी लूनोमीटर हे उपकरण तयार केले. कापडाच्या दर इंचात किती धागे आहेत हे मोजणे विणकाम उद्योगात नित्याचे आणि वेळखाऊ काम असे. लूनोमीटर ही बारीक रेषा कोरलेली एक पारदर्शक पट्टी होती. ती कापडावर ठेवली की पट्टीवरील रेषा आणि कापडातील धागे यांच्या संयोगातून एक छायाकृती उमटे आणि ती पट्टीवरील ज्या आकड्यापाशी दिसे तो आकडा म्हणजे धाग्यांची संख्या असे. प्रत्येक धागा मोजत बसण्याऐवजी एका नजरेत उत्तर मिळवण्याची ही युक्ती होती. प्रत्येक वस्तू एकेक करून न तपासता थेट उत्तरापाशी पोहोचण्याची हीच दृष्टी त्यांच्या पुढील कामांतही दिसते.

पुढील काळात लून यांनी स्वतंत्र अभियांत्रिकी सल्लागार म्हणून व्यवसाय केला. घडी घालता येणारा पावसाळी कोट, तसेच हाताशी असलेल्या पेयांपासून कोणती मिश्र पेये बनवता येतील हे दाखवणारा तक्ता, अशा निरनिराळ्या विषयांत त्यांनी शोध लावले.

आयबीएममधील कारकीर्द

१९४१मध्ये लून आयबीएम कंपनीत वरिष्ठ संशोधन अभियंता म्हणून रुजू झाले. पुढे ते कंपनीच्या माहिती पुनःप्राप्तीविषयक संशोधनाचे प्रमुख झाले. त्या काळी आयबीएमचा मुख्य व्यवसाय छिद्रपत्रांवर चालणाऱ्या यंत्रांचा होता. पत्रांवर पाडलेल्या छिद्रांच्या आधारे यंत्रे नोंदी मोजत, वेगळ्या काढत आणि क्रमाने लावत.

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स पेरी आणि माल्कम डायसन हे रसायनशास्त्रज्ञ आयबीएमकडे एक अडचण घेऊन आले. ज्ञात रासायनिक संयुगांची संख्या इतकी वाढली होती की विशिष्ट रचनेचे संयुग पूर्वीच्या साहित्यात नोंदलेले आहे की नाही हे शोधणे माणसाच्या आवाक्याबाहेर जाऊ लागले होते. डायसन यांनी संयुगांची रचना अक्षरे व अंक यांनी लिहिण्याची एक पद्धत तयार केली होती. प्रश्न होता तो अशा सांकेतिक नोंदींमधून यंत्राने शोध घेण्याचा. हे काम लून यांच्याकडे आले. त्यांनी बनवलेल्या यंत्राला लून स्कॅनर असे नाव पडले. प्रकाशविद्युत साधनांच्या साहाय्याने हे यंत्र छिद्रपत्रांवरील नोंदी वाचून हवी ती आकृती शोधत असे. १९५१मध्ये त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. या कामानंतर माहितीचा शोध हाच लून यांच्या संशोधनाचा मुख्य विषय बनला.

लून पद्धत

६ जानेवारी, १९५४ रोजी लून यांनी क्रमांकांची शुद्धता तपासणाऱ्या, हातात मावणाऱ्या एका यांत्रिक उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला. हे पेटंट २३ ऑगस्ट, १९६० रोजी मंजूर झाले. उपकरणामागील गणिती रीत आता लून पद्धत म्हणून ओळखली जाते.

लांबलचक क्रमांक उतरवून घेताना माणसाकडून मुख्यतः दोन चुका होतात: एखादा अंक बदलतो किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. क्रमांकाच्या शेवटी एक जादा तपासणी अंक जोडून या चुका पकडता येतात. लून पद्धतीत मूळ क्रमांकाच्या उजवीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक अंक दुप्पट करतात. दुप्पट दोन अंकी आली तर तिच्या दोन अंकांची बेरीज घेतात. उरलेले अंक तसेच ठेवून सर्वांची बेरीज करतात आणि ती १०च्या पटीत यावी इतका तपासणी अंक शेवटी जोडतात.

उदाहरणार्थ, ४८२६७ या क्रमांकात उजवीकडून ७ची दुप्पट १४ म्हणजे ५, त्यानंतर ६, मग २ची दुप्पट ४, मग ८ आणि शेवटी ४ची दुप्पट ८ येते. बेरीज ३१ होते, म्हणून तपासणी अंक ९ आणि पूर्ण क्रमांक ४८२६७९ होतो. कोणी हा क्रमांक चुकून ८४२६७९ असा लिहिला तर बेरीज ४० ऐवजी ३५ येते आणि चूक लगेच उघड होते.

ही पद्धत एका अंकाची प्रत्येक चूक पकडते. शेजारच्या अंकांची अदलाबदलही ती पकडते. मात्र ०९ आणि ९० यांची अदलाबदल तिच्या नजरेतून सुटते. ही पद्धत नजरचुकीपासून संरक्षण देते, लबाडीपासून नव्हे. कारण तपासणी अंक कोणालाही काढता येतो. सध्या बँकांची डेबिट व क्रेडिट कार्डे तसेच मोबाइल हँडसेटचे आयएमईआय क्रमांक यांसाठी लून पद्धत जगभर वापरली जाते. भारतातील आधार क्रमांकासाठी मात्र डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांची वेगळी पद्धत वापरतात. ती शेजारच्या अंकांची सर्व प्रकारची अदलाबदल ओळखते.

हॅश टेबलची कल्पना

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकाच्या आरंभी संगणकातील नोंद शोधण्याचे दोन मार्ग प्रचलित होते. पहिल्या मार्गात सर्व नोंदी एकामागून एक तपासल्या जात. १०,००० नोंदी असतील तर एखादी नोंद सापडेपर्यंत सरासरी सुमारे ५,००० तुलना कराव्या लागत. दुसऱ्या मार्गात नोंदी आधी क्रमाने लावून शब्दकोशात शब्द पाहावा तसा मधोमध उघडून शोध घेतला जाई. यात १०,००० नोंदींसाठी सुमारे १४ तुलना पुरत. पण प्रत्येक नवी नोंद तिच्या योग्य जागी घुसवावी लागे आणि त्यासाठी पुढच्या नोंदी सरकवाव्या लागत. त्या काळच्या यंत्रांना हे जड जाई. आयबीएम ७०१ या संगणकाची मूळ स्मृती ३६ बिटांच्या अवघ्या २,०४८ शब्दांची होती, यावरून त्या वेळच्या मर्यादांची कल्पना येते.

१९५३चे टिपण

जानेवारी १९५३मध्ये लून यांनी आयबीएममधील सहकाऱ्यांसाठी एक टिपण लिहिले. नोंदी क्रमाने लावण्याऐवजी त्या कप्प्यांत विभागाव्यात आणि कोणती नोंद कोणत्या कप्प्यात जाणार हे त्या नोंदीच्या शोधखुणेवरच एक ठरावीक गणिती क्रिया करून काढावे, अशी त्यांची सूचना होती. नोंद ठेवताना जी क्रिया केली तीच शोधतानाही करायची. त्यामुळे थेट योग्य कप्प्यापाशी जाता येते आणि इतर कप्प्यांकडे पाहावेही लागत नाही. एका कप्प्यात एकाहून अधिक नोंदी आल्या तर त्या एकमेकींना साखळीसारख्या जोडून ठेवाव्यात, असेही त्यांनी सुचवले. संगणकीय साहित्यात साखळी यादीचा वापर सुचवणाऱ्या अगदी आरंभीच्या लेखनांत या टिपणाची गणना होते.

या रीतीचे एक साधे उदाहरण असे देता येईल. सहा अंकी खाते क्रमांकाच्या दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडून प्रत्येक जोडीची बेरीज करावी आणि बेरजेचा फक्त एकक अंक ठेवावा. ४८२६७९ या क्रमांकात ४+८=१२ म्हणून २, २+६=८ म्हणून ८ आणि ७+९=१६ म्हणून ६ मिळतो. अर्थात ही नोंद २८६ क्रमांकाच्या कप्प्यात जाईल. असे एकूण १,००० कप्पे होतात. १०,००० नोंदी त्यांत सारख्या प्रमाणात विखुरल्या तर प्रत्येक कप्प्यात सरासरी १० नोंदी राहतील आणि शोध तेवढ्यापुरताच मर्यादित होईल. कप्पे वाढवले की हा आकडा आणखी कमी होतो.

मात्र सहा अंकी क्रमांक दहा लाख असू शकतात आणि कप्पे एक हजारच आहेत. त्यामुळे निरनिराळे क्रमांक एकाच कप्प्यात येणे अटळ आहे. ८४६२९७ या क्रमांकावर वरील क्रिया केली तरीही उत्तर २८६ येते. या घटनेला टक्कर म्हणतात. म्हणून कप्पा सापडला म्हणजे नोंद सापडली असे होत नाही. कप्प्यातील प्रत्येक नोंदीची शोधखूण मूळ शोधखुणेशी ताडून पाहावी लागते. हॅश टेबलला दोन वेगवेगळी फंक्शने लागतात ती याच कारणाने. हॅश फंक्शन कप्पा ठरवते, तर समानता फंक्शन त्या कप्प्यातील हवी ती नोंद निश्चित करते.

समकालीन व नंतरचे संशोधन

लून यांचे टिपण कंपनीपुरते मर्यादित होते; ते नियतकालिकात प्रसिद्ध झाले नाही. त्याच सुमारास आयबीएममधील जीन अमडाल, एलेन मॅकग्रॉ, नॅथॅनियल रॉचेस्टर आणि आर्थर सॅम्युएल यांनी ७०१ संगणकाच्या असेंब्ली प्रोग्रॅमसाठी अशीच रीत वापरली. त्यांनी साखळी न करता कप्पा भरलेला असल्यास पुढचा रिकामा कप्पा शोधण्याचा मार्ग पत्करला. ही युक्ती अमडाल यांची मानली जाते.

जाहीर नियतकालिकात या विषयावरील पहिला लेख १९५६मध्ये आर्नल्ड ड्यूमी यांनी लिहिला. शोधखुणेला एका मूळ संख्येने भागून येणारी बाकी कप्प्याचा क्रमांक म्हणून वापरण्याची सूचना त्यात होती. १९५७मध्ये वेस्ली पीटरसन यांनी आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत या पद्धतींचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. सोव्हिएत संघात आंद्रेई येर्शोव्ह यांनी स्वतंत्रपणे अशीच पद्धत शोधून १९५८मध्ये प्रसिद्ध केली. हॅश हा शब्द लून यांच्या टिपणानंतर बऱ्याच काळाने छापील साहित्यात रूढ झाला. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ चिरून एकत्र मिसळणे असा आहे आणि शोधखुणेच्या अंकांची जी मोडतोड केली जाते तिला तो चपखल बसतो.

या सर्व घडामोडींत लून यांचे नाव फारसे पुढे आले नाही. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथमालेच्या तिसऱ्या खंडात हॅशिंगचा इतिहास देताना लून यांच्या टिपणाची नोंद घेतली. त्यानंतर या कल्पनेचे आद्य श्रेय सर्वसाधारणपणे त्यांना दिले जाऊ लागले. तोपर्यंत लून यांच्या मृत्यूला जवळजवळ नऊ वर्षे झाली होती.

पूर्वनिर्धारित हॅश व समानता फंक्शने

लून यांच्या काळात शोधखूण म्हणजे बहुधा एखादा क्रमांक किंवा शब्द असे आणि कप्पा काढण्याची क्रिया प्रत्येक कामासाठी वेगळी ठरवली जाई. पुढे हॅश टेबल प्रोग्रॅमिंग भाषांचाच भाग बनले. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने काहीच सांगितले नाही तर कोणती हॅश आणि समानता फंक्शने वापरायची हे भाषेला आधीच ठरवून ठेवावे लागले. या निवडीवर प्रोग्रॅमची अचूकता व वेग दोन्ही अवलंबून असतात.

या दोन फंक्शनांमध्ये एक नाते अनिवार्य आहे. समानता फंक्शनने दोन शोधखुणा समान ठरवल्या, तर हॅश फंक्शननेही दोघींसाठी एकच उत्तर दिले पाहिजे. उलट बाजूने अशी सक्ती नाही: हॅश सारखा आला म्हणून शोधखुणा समान असतातच असे नाही, हे वरील टकरीच्या उदाहरणावरून दिसते. पहिला नियम मोडला तर नोंद एका कप्प्यात ठेवली जाते आणि तिचा शोध दुसऱ्याच कप्प्यात घेतला जातो. नोंद टेबलमध्ये असूनही ती नाही असे उत्तर मिळते. प्रोग्रॅम बंद पडत नाही आणि चुकीची सूचनाही येत नाही, त्यामुळे असा दोष शोधणे अवघड जाते.

निरनिराळ्या भाषांनी या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली आहेत. जावामध्ये प्रत्येक वर्गाला हॅश आणि समानता ही दोन्ही फंक्शने मूळ ऑब्जेक्ट वर्गाकडून वारशाने मिळतात. त्यांची मूळ वागणूक वस्तूच्या ओळखीवर आधारलेली असते. म्हणजे आतील मजकूर तंतोतंत सारखा असला तरी दोन स्वतंत्र वस्तू असमान मानल्या जातात. मजकुरावरून समानता हवी असेल तर दोन्ही फंक्शने बदलावी लागतात. एकच बदलणे ही जावा शिकणाऱ्यांची नेहमीची चूक असते. पायथॉन ३मध्ये एखाद्या वर्गाने केवळ समानता फंक्शन नव्याने लिहिले, तर त्याचे हॅश फंक्शन आपोआप काढून घेतले जाते आणि त्या वर्गाच्या वस्तू शोधखूण म्हणून वापरताच प्रोग्रॅम त्रुटी दाखवतो. सी++च्या २०११च्या प्रमाणकात अनऑर्डर्ड मॅप हा हॅश टेबलवर आधारलेला संग्रह समाविष्ट झाला. त्यात पूर्णांक, अक्षरमाला इत्यादींसाठी हॅश फंक्शन तयार मिळते. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने स्वतः बनवलेल्या प्रकारासाठी ते त्यालाच द्यावे लागते, अन्यथा प्रोग्रॅम संकलित होत नाही.

संख्यांच्या बाबतीतही काही बारकावे आहेत. दशांश संख्यांच्या संगणकीय प्रमाणकात धन शून्य आणि ऋण शून्य समान मानली जातात, मात्र स्मृतीतील त्यांचे बिट वेगळे असतात. केवळ बिटांवरून हॅश काढला तर नियम मोडतो. म्हणून पूर्वनिर्धारित फंक्शनाला या दोघांसाठी एकच उत्तर द्यावे लागते. पायथॉनमध्ये १ हा पूर्णांक आणि १.० ही दशांश संख्या समान मानल्या जात असल्याने त्यांचा हॅशही एकच ठेवलेला आहे. शोधखूण टेबलमध्ये ठेवल्यानंतर तिचा मजकूर बदलला तर तिचा हॅशही बदलतो आणि नोंद जुन्या कप्प्यात अडकून पडते. यासाठी पायथॉनमधील बदलता येणाऱ्या याद्या शोधखूण म्हणून स्वीकारल्याच जात नाहीत.

मराठी मजकुरासाठी पूर्वनिर्धारित फंक्शने वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते. युनिकोडमध्ये ऱ हे अक्षर एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येते, तसेच र आणि त्यानंतर नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही लिहिता येते. युनिकोड प्रमाणकानुसार ही दोन्ही रूपे समतुल्य आहेत आणि पडद्यावर ती सारखीच दिसू शकतात. परंतु बहुतेक भाषांची पूर्वनिर्धारित फंक्शने अक्षरमालेचे संकेतांक जसेच्या तसे ताडतात. परिणामी एकच मराठी शब्द दोन रीतींनी टंकलिखित झाला तर तो दोन वेगळ्या शोधखुणा म्हणून साठवला जातो. शब्दसूची, मतदारयादी किंवा ग्रंथालयाची तालिका अशा कामांत यामुळे एकाच नावाच्या दोन नोंदी होऊ शकतात. मजकूर साठवण्यापूर्वी आणि शोधण्यापूर्वी युनिकोडने ठरवून दिलेल्या एका प्रमाणित रूपात आणणे हा यावरील उपाय आहे.

सुरक्षितता

चांगले हॅश फंक्शन नोंदी सर्व कप्प्यांत सारख्या विखुरते. मात्र फंक्शन सर्वांना ठाऊक असेल तर मुद्दाम एकाच कप्प्यात जातील अशा शोधखुणा तयार करता येतात. तसे झाले की साखळी लांबत जाते आणि हॅश टेबलचा वेग एकेक नोंद तपासण्याइतका मंदावतो. स्कॉट क्रॉस्बी आणि डॅन वॉलक यांनी २००३मध्ये या धोक्याकडे लक्ष वेधले. डिसेंबर २०११मध्ये अनेक लोकप्रिय भाषांतील वेब सर्व्हर अशा प्रकारे ठप्प करता येतात हे दाखवून देण्यात आले. त्यानंतर पूर्वनिर्धारित हॅश फंक्शनांमध्ये प्रत्येक वेळी बदलणारी एक गुप्त संख्या मिसळण्याची पद्धत रूढ झाली. पायथॉनने २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून अक्षरमालांसाठी ती आपोआप लागू केली. जावाच्या २०१४च्या आठव्या आवृत्तीत लांब झालेल्या साखळीचे रूपांतर संतुलित वृक्षात करण्याची सोय आली.

संकेतलेखनशास्त्रातील हॅश फंक्शने हा याहून वेगळा विषय आहे. तेथे टक्कर शोधणे व्यवहारात अशक्य असावे लागते. हॅश टेबलमध्ये टक्कर गृहीत धरलेली असते आणि वेगाला अधिक महत्त्व असते.

माहितीशास्त्रातील कार्य

दुसऱ्या महायुद्धानंतर वैज्ञानिक साहित्याचे प्रमाण झपाट्याने वाढले. आपल्याला हवा असलेला शोधनिबंध अस्तित्वात असूनही तो वेळेवर न सापडल्याने तेच संशोधन पुन्हा केले जाण्याचा धोका होता. १९५७ ते १९६१ या काळातील लून यांचे लेखन प्रामुख्याने या प्रश्नाभोवती फिरते.

स्वयंचलित सारांश

एप्रिल १९५८मध्ये आयबीएमच्या संशोधनपत्रिकेत लून यांनी लेखाचा सारांश यंत्राने तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. लेखात एखादा शब्द किती वेळा येतो यावरून त्याचे महत्त्व ठरवता येते, हे तिचे मूळ सूत्र होते. अतिशय वारंवार येणारे सामान्य शब्द आणि क्वचितच येणारे शब्द वगळून मधल्या वारंवारतेचे शब्द महत्त्वाचे मानले जात. एखाद्या वाक्यात असे शब्द जितके जास्त आणि जितके जवळजवळ येतील तितके त्या वाक्याला अधिक गुण मिळत. सर्वाधिक गुणांची वाक्ये मूळ क्रमाने एकत्र केली की सारांश तयार होई. यंत्राला लेखाचा अर्थ कळत नसूनही त्याला उपयोगी वाक्ये निवडता येतात, हे या कामाने दाखवून दिले.

संदर्भासहित शब्दसूची

लून यांची दुसरी महत्त्वाची देणगी म्हणजे क्विक या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी सूची. तिच्यात लेखाच्या शीर्षकातील प्रत्येक महत्त्वाचा शब्द पानाच्या मध्यभागी ठरावीक स्तंभात छापला जाई आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शीर्षकाचा उरलेला भाग येई. अशा ओळी वर्णानुक्रमे लावल्याने एकच शीर्षक त्यातील निरनिराळ्या शब्दांखाली सापडे. विषयतज्ज्ञांनी महिनोन्‌महिने खपून सूची तयार करण्याऐवजी संगणक ती अल्पावधीत छापू शके. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसने १९६०च्या दशकाच्या आरंभी सुरू केलेले केमिकल टायटल्स हे नियतकालिक याच पद्धतीवर आधारलेले होते.

निवडक माहितीप्रसार

ऑक्टोबर १९५८मध्ये लून यांनी बिझनेस इंटेलिजन्स सिस्टिम या नावाने एका यंत्रणेचा आराखडा मांडला. संस्थेतील प्रत्येक व्यक्तीच्या आवडीच्या विषयांचे शब्दचित्र संगणकात ठेवायचे, येणाऱ्या प्रत्येक कागदपत्राचे तसेच शब्दचित्र यंत्राने काढायचे आणि दोन्ही जुळल्यास ते कागदपत्र त्या व्यक्तीकडे आपोआप पाठवायचे, असा हा आराखडा होता. बिझनेस इंटेलिजन्स हा शब्दप्रयोग त्यापूर्वीही झालेला होता, परंतु संगणकीय यंत्रणेच्या अर्थाने तो प्रथम लून यांनी वापरला असे मानले जाते. ग्रंथालयशास्त्रात ही सेवा निवडक माहितीप्रसार या नावाने ओळखली जाते आणि भारतातील विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र अभ्यासक्रमांतही ती शिकवली जाते.

अखेरची वर्षे

लून १९६१मध्ये आयबीएममधून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरही ते सल्लागार, लेखक व व्याख्याते म्हणून कार्यरत होते. अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या १९६३च्या वार्षिक अधिवेशनातील लघुनिबंधांचे संपादन त्यांनी केले. १९६४मध्ये ते या संस्थेचे अध्यक्ष झाले. अध्यक्षपदावर असतानाच १९ ऑगस्ट, १९६४ रोजी वयाच्या ६८व्या वर्षी त्यांचे निधन झाले. क्लेअर शुल्ट्झ यांनी संपादित केलेला त्यांच्या निवडक लेखनाचा संग्रह १९६८मध्ये प्रसिद्ध झाला.

वारसा

लून यांच्या कामांपैकी लून पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या पेटंटची मुदत संपल्यामुळे ती सर्वांना मुक्तपणे वापरता येते. स्वयंचलित सारांशाच्या त्यांच्या रीतीत नंतर पुष्कळ सुधारणा झाल्या, तरी शब्दांच्या वारंवारतेवरून मजकुराचे महत्त्व ठरवण्याचे तत्त्व शोधयंत्रांच्या पायाभूत तत्त्वांपैकी एक राहिले. छापील क्विक सूचींची जागा संगणकावरील शोधाने घेतली. पण शोधलेला शब्द मध्यभागी ठेवून आजूबाजूचा मजकूर दाखवण्याची मांडणी भाषाशास्त्रातील शब्दसंग्रहांच्या अभ्यासात आजही वापरात आहे.

हॅश टेबलचा प्रसार या सर्वांहून अधिक झाला. संकलकांमधील नामसूची, विदागारे, वेब सर्व्हरचा तात्पुरता साठा आणि पायथॉनमधील डिक्शनरी हा प्रकार यांपैकी प्रत्येकात शोधखुणेवरून कप्पा काढण्याची क्रिया केली जाते. कप्प्यात एकत्र आलेल्या नोंदी साखळीने जोडण्याची लून यांची पद्धत जावाच्या हॅश मॅपमध्ये व सी++च्या अनऑर्डर्ड मॅपमध्ये वापरली जाते, तर पायथॉनमध्ये पुढील रिकामी जागा शोधण्याची पद्धत स्वीकारलेली आहे.